सॅक्सनाच्या झबल्याला हळद

आमच्या चारूने जन्मात कधी शर्टाला बटण लावलं नाही. लग्नाआधी मी लावत होते. लग्नानंतर सुरुचीने साफ सांगितलं की सुईदोरा त्या कपाटात आहे, तेव्हापासून बटण तुटलं की हा शर्टच बदलतो. असा हा माणूस, बेचाळीस वर्षांचा, एर्लांगेनमध्ये मशिनींची डिझाइनं करणारा, गेल्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी दिव्याखाली बसून हाताने झबलं शिवत होता. मी चिंचवडहून व्हिडिओ कॉलवर बघायची आणि विचारायची, "काय रे चारू, अन्वीला भाऊ येतोय की काय?"

"आई, झबलं नाहीये हे. टुनिका आहे. सॅक्सन लोकांचा अंगरखा."

मग त्याने मला सगळी कथा सांगितली. दीड हजार वर्षांपूर्वी म्हणे या जर्मनीच्या वरच्या किनाऱ्याला अँगल आणि सॅक्सन नावाचे लोक राहायचे. त्यातले बरेचसे होड्यांत बसून समुद्रापलीकडे गेले, तिथेच राहिले, आणि त्यांचे झाले अँग्लो-सॅक्सन. इंग्लंड उभं राहिलं ते त्यांच्यापासून.

"म्हणजे तुझ्यासारखेच की," मी म्हटलं. "आईबापांना मागे टाकून परदेशी पळालेले."

यावर त्याने नेटवर्क गेल्याचं सोंग केलं.

तर एर्लांगेनच्या आसपासचे वीस-पंचवीस लोक, कुणी मास्तर, कुणी इंजिनिअर, एक तर चांगला दाताचा डॉक्टर, सुट्टी आली की या सॅक्सन लोकांसारखे कपडे घालतात, तसंच शिजवतात, बोथट भाले घेऊन तसंच लढतात. आमचे चिरंजीव त्यांच्यात. यांचा म्होरक्या फोल्कमार, शाळेतून रिटायर झालेला इतिहासाचा मास्तर. उंचीला दार अपुरं पडावं असा माणूस, आणि नियमाला त्याहून कडक. त्या काळी जे नव्हतं ते अंगावर दिसता कामा नये. चष्मा नाही, घड्याळ नाही, चेन नाही. शिलाई हाताचीच, आणि ती बाहेरूनच नव्हे, आतूनसुद्धा. हा फोल्कमार अंगावरच्या कपड्याची दुमड उलटी करून बघतो म्हणे. चुलीवर बटाटा चालत नाही, टोमॅटो चालत नाही, कारण ते नंतर आले.

सुरुची हे सांगताना हसत होती. "अहो आई, वेड आहे हो हे सगळं." मला काही हसू आलं नाही. हे तर सोवळं! माझ्या सासूबाई नैवेद्याचा स्वयंपाक करायच्या तेव्हा वेगळं धुतलेलं वस्त्र, वेगळी भांडी, त्यांना कुणी शिवायचं नाही, आणि काय चालतं, काय नाही याचा निकाल एकट्या त्याच देणार. चूल उंबरठ्यापलीकडे, आम्ही अलीकडे. कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

सप्टेंबरात मी एर्लांगेनला आले. हे आले नाहीत, विमानात पाय अवघडतात म्हणून. पहिल्याच रविवारी चारूने टीव्हीवर त्या मंडळींचे फोटो लावले. एक झोपडी, तिच्यात चूल. बायका दोन्ही खांद्यांवर मोठाले बिल्ले लावून झगे सावरतायत, पुरुष पायांना गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळून लाकडं फोडतायत. आणि मग लढाई! ढालीला ढाल लावून दाढीवाले ओरडतायत. फोटो एवढे सुरेख की काय सांगू. मी आपली प्रत्येक दाढीत आमची दाढी शोधत होते.

"अरे, तू कुठाय?"

"मी काढलेत ना फोटो."

"सगळे?"

"याऽ. म्हणजे जर्मनमध्ये हो. कॅमेरा माझा चांगला आहे, आई. आणि नव्या माणसाने पहिली दोन वर्षं लाकडं वाहायची, पाणी आणायचं, अशी पद्धतच आहे. आपले कपडे आपण हाताने शिवायचे. फोल्कमारने ते पास केले की मग ढालींच्या भिंतीत उभं राहायला मिळतं."

दोन वर्षांचे फोटो, आणि माझा मुलगा एकातही नाही. मला ते लागलं. आठ वर्षं झाली त्याला या देशात. ऑफिसात सगळे सकाळी 'मॉर्गन' म्हणतात आणि संध्याकाळी 'शोनेन फायराबेंड', म्हणजे सुटलो एकदाचे, म्हणून घरी जातात, संपलं. घराची बेल वाजते ती पार्सलवाल्याची. दिवाळीला मराठी मंडळात चार लोक भेटतात, तेही न्युरेंबर्गला. लहानपणी या पोराच्या मित्रांच्या चपलांनी आमचा जिना अडायचा हो! त्या लाकडं वाहण्यात त्याला काय मिळत होतं ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. पण त्या फोटोंकडे बघताना त्याचा चेहरा बघितला आणि एवढं कळलं की याला तिथे उभं राहायचंय, फार मनापासून.

आणि यंदा ते होणार होतं. मंडळी एक प्रदर्शन भरवणार होती. अँग्लो-सॅक्सन लोकांचं जगणं, सगळं मोठमोठ्या फोटोंत. घर, चूल, पेहराव, लढाई, मेल्यावर थडग्यात काय काय ठेवायचे तेसुद्धा. गावच्या लायब्ररीत नोव्हेंबरभर. लढाईचं चित्र तीन ऑक्टोबरला काढायचं होतं, त्या दिवशी या लोकांची राष्ट्रीय सुट्टी असते. चारू भिंतीत उभा राहणार आणि कॅमेऱ्याचं बटण सुरुची दाबणार. फक्त त्याच सकाळी फोल्कमार कपडे तपासणार होता.

आता या तीन ऑक्टोबरच्या आधी एक ऑक्टोबर येतो, आणि यंदा एक ऑक्टोबरला होती खंडेनवमी.

आमच्या घरी खंडेनवमी चुकत नाही. हे टूलरूममध्ये होते. त्या दिवशी कारखान्यातल्या लेथसुद्धा झेंडूच्या माळा घालून उभ्या असायच्या. घरात विळी, कात्री, पाने, स्कूटर, पुढे मिक्सर, मग चारूचा पहिला कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, त्यात काय मोठंसं? इथे मात्र सकाळी दोघं आपापले लॅपटॉप घेऊन कामाला निघून गेली. मागे राहिली भाजी चिरायची सुरी आणि सुरुचीची सायकल. ती दोन पाटाशेजारी ठेवून मी बघत बसले आणि मला आठवलं, अगंबाई, खाली केलरमध्ये खरीखुरी शस्त्रं आहेत!

भाला, ढाल, हातभर लांब सुरा. शस्त्रपूजेचा दिवस, आणि घरातली शस्त्रं तळघरात अंधारात पडून? माझ्या मनाला काही पटेना. चारूने बजावलं होतं, त्या सामानाला हात लावू नकोस. पण ते आपलं आई, लागेल तुला, या काळजीने म्हणाला असेल, असं मी ठरवून टाकलं. सोयीचं असलं की माणूस काहीही ठरवतो.

सगळं वर आणलं. लोखंड तेलाच्या फडक्याने चकचकीत पुसलं. शस्त्रं एका जाड्याभरड्या, मातकट कापडात गुंडाळलेली होती. गोणपाटच वाटलं मला. म्हटलं, चला, आसनाला बरं झालं. ते पाटावर अंथरलं, त्यावर शस्त्रं मांडली, हळदीची बोटं ओढली, कुंकू वाहिलं, दुकानातून कुंडीतला झेंडू आणला होता तो वाहिला, पळीने पाणी सोडलं. एवढ्यात अन्वी शाळेतून आली. नऊ वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. तिने पाटाकडे बघितलं, डोळे मोठे केले आणि हात नाचवत पुष्कळ काहीतरी बोलली. मला वाटलं, पोरीला आरास आवडली. मी म्हटलं, "हो गं राणी, छान झालीय ना? घंटा वाजव." तिने बिचारीने वाजवली.

संध्याकाळी चारू आला. शस्त्रं बघून आधी हसला, "आई, मिक्सर झाला, कॉम्प्युटर झाला, आता सॅक्सन पण का?" मग भाला उचलला, ढाल बाजूला केली आणि खालचं आसन ओढून घेतलं.

"आई, ही माझी टुनिका."

कपाळ माझं! अख्ख्या हिवाळ्याची शिलाई, आणि छातीवर हळदीची पाच बोटं, कुंकवाचे ओघळ, पळीभर पाण्याने पसरलेले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी म्हटलं, "थांब, काही करू नकोस, मी बघते." पण इंजिनिअर कुणाचं ऐकतो का? धावत बाथरूममध्ये गेला, साबण घेतला. मी मागून ओरडतेय, "साबण नको रे मेल्या, हळदीला साबण नको!" तोवर त्याने खसाखसा चोळलासुद्धा. पिवळ्याचं झालं लालभडक. आता तो अंगरखा लढाईला निघालेला नव्हे, लढाईत मेलेला दिसत होता.

हळदीच्या डागाला औषध एकच, कडक ऊन. चिंचवडला गच्चीवर दोन दुपारी टाकलं असतं की काम झालं असतं. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि एर्लांगेनचं आभाळ घोंगडी पांघरून बसलेलं. मी झबलं घेऊन बाल्कनीतून किचनच्या खिडकीत, किचनमधून जिन्यात उन्हाची तिरीप शोधत फिरले. लाल जरा उतरून नारिंगी झालं, एवढंच. श्रीखंड केलं होतं, चारूने नुसतं चमच्याने उकरलं.

"अख्खंच हळदीत बुडवू या का?" सुरुची म्हणाली. "डाग लपेल तरी."

"सॅक्सनांकडे हळद कुठून आली? फोल्कमार वासावरून ओळखेल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "जाऊ दे आई. तू मुद्दाम नाही केलंस. पुढच्या वर्षी बघू."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी रात्री देवापुढे बसून देवाशीच भांडले. तुझंच काम करत होते ना, मग एवढं लक्ष द्यायला काय झालं होतं?

शुक्रवारी सकाळी सगळे गेलो. गावाबाहेर एका शेताच्या कडेला या लोकांनी गवताच्या छपराचं घर बांधलंय. त्याच्याभोवती दोरी. दोरीच्या आत फक्त सॅक्सन, बाहेर आपण. मी सहावारी, वर सुरुचीचा जाड कोट आणि पायात बूट असल्या अवतारात दोरीपाशी जाऊन थांबले. अन्वीने हात धरून आत ओढलं, पण मी गेले नाही. चुलीची रेघ मला कळते. आतून तो दाढीवाला डोंगर माझ्या बुटांकडे आणि दोरीकडे बघत होता. त्याने मान जराशी झुकवली. हाच फोल्कमार, हे कुणी सांगायची गरजच पडली नाही.

तपासणी सुरू झाली. चारूची पाळी आली. चष्मा काढलेला, पायांना पट्ट्या, अंगात ते झबलं. फोल्कमारने खालची दुमड उलटी केली, बाही उलटी केली, टाका टाका बघितला आणि दोनदा "गुट" म्हणाला. मग सरळ उभा राहून छातीकडे बघितलं. मग मान हलवली. आवाज चढवला नाही, हसला नाही, फक्त दोन वाक्यं बोलला.

"काय म्हणाला?" मी सुरुचीला विचारलं.

"शिलाई उत्तम आहे म्हणाला. पण हा रंग त्या काळचा नाही. पुढच्या वर्षी."

चारू म्हणाला, "क्लार." म्हणजे, ठीक आहे. आणि त्याचा हात गळ्यातल्या पट्ट्याकडे गेला, कॅमेऱ्याचा पट्टा असतो ना, तिकडे. गळ्यात कॅमेरा नव्हताच. तो सुरुचीजवळ होता. मग तो दोरीकडे चालत आला, कॅमेरा मागायला, आणि चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून चाचपडत आला. ते बघून मला जे झालं ते काय सांगू! असा संताप आला की थंडीबिंडी सगळी पळाली.

"अन्वी," मी म्हटलं, "त्या आजोबांना बोलव. म्हणावं, आजीला बोलायचंय."

"आई, प्लीज!" चारू म्हणाला.

"तू गप रे."

फोल्कमार आला. तो आत, मी बाहेर, मध्ये दोरी. अन्वी मध्ये उभी. पोरगी भाषांतर झकास करते, पण एकाच दिशेने. माझं मराठी तिकडे जर्मन होऊन जातं, तिकडचं जर्मन माझ्याकडे जर्मनच येतं. परतीचं काम सुरुचीने केलं.

"त्यांना सांग," मी म्हटलं, "त्यांचं बरोबर आहे."

चारूने चमकून माझ्याकडे बघितलं. फोल्कमारही जरा सैलावला. भांडायला आलेली बाई आधी बरोबर म्हणते, हे त्याला नवीन असावं.

"नियम म्हणजे नियम. आमच्या सासूबाईंनी असं डागाळलेलं वस्त्र चुलीपाशी येऊच दिलं नसतं. पण डाग याने नाही पाडला, मी पाडला. आणि आमच्याकडे एखाद्याचं सोवळं दुसऱ्यामुळे मोडलं, तर त्याला दुसरं सोवळं नेसायला देतात. पानावरून उठवत नाहीत. तुमच्यात काय देतात, विचार."

अन्वीने विचारलं. फोल्कमारने आधी दुसरंच विचारलं, हा डाग पडला कसा? चारू खाली बघत पुटपुटायला लागला, तसं मी म्हटलं, "सगळं सांग रे, लपवतोस काय? चोरी केलीय का?" मग त्याने सांगितलं. नवमी, शस्त्रं, हळद, कुंकू, फुलं.

"दरवर्षी?" फोल्कमारने विचारलं.

"दरवर्षी."

"सगळ्या हत्यारांची?"

"मिक्सरचीसुद्धा," मी म्हटलं. हे अन्वीने सांगितल्यावर त्याची बायको गेर्लिंडे खो-खो हसत सुटली. तो हसला नाही. विचारात पडला होता. मला तो चेहरा माहीत होता. पंचांग उघडून तोड शोधणाऱ्या भटजींचा असतो तस्सा.

"दुसरा अंगरखा नाही," तो शेवटी म्हणाला. "इथे प्रत्येकाचा एकच असतो. स्वतः शिवलेला." मग चारूने शिवलेल्या त्या बाहीकडे पुन्हा एकदा बघितलं. "पण टाके नियमात आहेत. म्हणजे माणूस पास आहे. फक्त कापड नापास आहे." आणि स्वतःशीच म्हणाला, "गेनाऊ." अगदी बरोबर, असं.

एवढं म्हणून त्याने कमरेचा पट्टा सोडला आणि भर मैदानात आपला अंगरखा डोक्यावरून काढला.

आत काय असावं? निळंशार, चकचकीत, छातीवर कंपनीची खूण असलेलं थर्मल! मागून एकाला हसू फुटलं, आणि मग जे सगळे हसले म्हणता! गेर्लिंडे तर खाली बसली. फोल्कमार कानापर्यंत लाल झाला. मी मात्र अजिबात हसले नाही. बाहेरून दिसत नाही तोवर आतलं चालतं, हे सोवळ्याचं कलम मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या सासूबाई थंडीत धूतवस्त्राच्या आत स्वेटर घालायच्या.

आता फोल्कमारचा अंगरखा चारूच्या अंगात म्हणजे नाकापेक्षा मोती जड. गळा खांद्यावरून घसरतोय, बाह्या बोटांच्या पुढे, घेर एवढा की अन्वीही आत मावली असती. माझ्या बांगडीत नेहमी दोन सेफ्टी पिना असतात. एक काढून मी दोरीवरून हात पुढे केला, तर निळ्या थर्मलातूनही तो माणूस गरजला, "नाइन!"

"बरं बाबा, नाही तर नाही."

गेर्लिंडेने हाडाची सुई आणि मेण लावलेला दोरा आणून दिला. चारू दोरीला चिकटून उभा राहिला. मी खांद्यावर आतून दोन चुण्या घेतल्या, बाह्या दुमडून टाके घातले, आणि कमरेचा पट्टा बांधून वरचं कापड असं ओढून काढलं, नऊवारीचा ओचा काढतात तसं, की घेर सगळा आत गेला. सुई जाडीभरडी, बोटात तीनदा टोचली. चारू हळूच म्हणाला, "आई, सगळे बघतायत." मी म्हटलं, "बघू देत. सरळ उभा राहा." फोल्कमारने येऊन माझे टाके उलटे करून बघितले. आतून, बाहेरून. मग म्हणाला, "गुट." हा शब्द मला आता न सांगता कळत होता.

त्याला स्वतःला आता भिंतीत उभं राहता येईना. तो दोरीच्या बाहेर आला, अंगात टोपीवालं जाकीट चढवलं आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. सुरुचीने कॅमेऱ्याला डोळा लावला. फोल्कमार मोठ्याने काहीतरी ओरडला आणि समोर खाडकन ढाली एकमेकींवर बसल्या. मी रडले थोडी, लपवून काय करू. फोल्कमारने खिशातून कागदी रुमाल काढून दिला. दोरीच्या बाहेर सगळं चालतं.

प्रदर्शन उघडलं ते नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी. मी पैठणी नेसले, वर तोच कोट. घरून बेसनाचे लाडू नेले होते. लायब्ररीत केवढी गर्दी! भिंतींवर माणसाएवढी चित्रं. गेर्लिंडे पीठ दळतेय. एका बाईच्या गळ्यात काचमण्यांची माळ, एकेक मणी मोजून घ्यावा असा स्वच्छ. एकाच्या पायाच्या पट्ट्या, नुसत्या पट्ट्यांचंच चित्र. ही सगळी चारूने काढलेली. आणि शेवटच्या भिंतीवर, सगळ्यांत मोठी, लढाई.

मी शोधायला लागले. एक दाढी, दुसरी दाढी, तिसरी. चौथ्या जागी ढालीची गोल कड, आणि तिच्यावर एक कपाळ आणि दोन डोळे. माझ्या मुलाचे डोळे! बाकी तोंड ढालीमागे.

मी भडकलेच. "अरे, हे काय? एवढा खटाटोप केला, त्या बिचाऱ्याने अंगावरचं काढून दिलं, मी बोटं टोचून घेतली, आणि अर्धं तोंड? तुला ढाल जरा खाली धरता येत नव्हती?"

चारू हसत होता. इतका की त्याच्या गालाला खळी पडते हे मला कित्येक वर्षांनी आठवलं.

"आई, ती ढाल माझी नाहीये."

"मग कुणाची?"

"उजवीकडच्याची. येन्सची. माझी ढाल माझ्या डावीकडच्याला झाकते, येन्सची मला. तशीच धरायची असते, नाहीतर भिंत होत नाही." मग चित्राकडे बघत म्हणाला, "मी नसतो ना, तर तिथे भगदाड पडलं असतं."

एवढी बडबडी बाई मी! आठ वर्षं फोनवर रोज विचारत होते, जेवलास का, थंडी आहे का, आणि त्याने इतक्या वर्षांत दिलेलं हे पहिलं खरं उत्तर होतं. डोळे पुसले आणि विचारलं, "येन्स कोणता?"

त्याने दाखवला. खिडकीपाशी कोटटाय घालून एकटाच उभा होता, तोच तो दाताचा डॉक्टर, लाजरासा, हातात रसाचा ग्लास. मी लाडवांचा डबा घेऊन सरळ त्याच्याकडे गेले. त्याच्या हातातला ग्लास काढून खिडकीत ठेवला, त्याच्या दोन्ही हातांत एकेक लाडू दिला, डबाही खिडकीत टेकवला, आणि माझे दोन्ही हात त्याच्या गालांवरून फिरवून माझ्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. येन्स बिचारा दचकला, पण जागचा हलला नाही.